धाकटं आल्यावर: दोन लहान मुलांच्या घराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीच. राहतो पुण्यात, चौथ्या मजल्यावर. बायको रोज ऑफिसला जाते, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. माझी आई वर्षातले चार-पाच महिने इथे असते आणि उरलेले साताऱ्याला. दुसऱ्या मुलाची चाहूल लागलेले चुलत-मावस भाऊ, इमारतीतले शेजारी, पाळणाघराच्या दारात भेटणारे पालक गेली दोन वर्षं तेच तेच प्रश्न पाठवतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही. औषधपाण्याबद्दल इथे जे आहे ते आमच्या बालरोगतज्ज्ञांनी माझ्या डोक्यात वारंवार भरवलेलं आहे, तुमच्या मुलाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१. दोन मुलांमध्ये किती अंतर असावं?

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. म्हणजे दोन मुलांत साधारण पावणेतीन वर्षं. हा हिशेब आईच्या शरीराचा आहे. आधीचं बाळंतपण सिझेरियनचं असेल तर स्वतःच्या डॉक्टरांशी वेगळं बोलावं.

घराचा हिशेब मात्र निराळा. दीड-दोन वर्षांचं अंतर असलेले सांगतात की लंगोट, बाटल्या, रात्रीची जागरणं सगळं एका दमात उरकतं. आमचं अंतर साडेतीन वर्षांचं. थोरलीला शू सांगता येत होती, स्वतःच्या हाताने जेवता येत होतं, हा मोठाच आधार. पण झोपेची सवय लागून आराम सुरू झाला होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे पहिले दोन महिने फार जड गेलं. बिनत्रासाचं अंतर मला तरी कुणाच्या घरी दिसलेलं नाही.

२. थोरल्या मुलाला बाळाबद्दल कधी आणि कसं सांगायचं?

पोट दिसायला लागलं की सांगा, त्याआधी घाई नको. तीन वर्षांच्या मुलाला ‘सहा महिन्यांनी’ म्हणजे काय हे कळत नाही. आम्ही सणांवर मोजलं: आधी गणपती येतील, मग दसरा, मग दिवाळीचे फटाके, आणि किल्ला मोडून झाला की बाळ. तिने तो क्रम पाठ केला आणि येईल त्याला ऐकवला.

बाळ कसं असेल याच्या गप्पांपेक्षा तिला एक गोष्ट जास्त छळत होती: आई दवाखान्यात असताना मी कुठे झोपणार? ते नक्की ठरवून सांगा. कुणाच्या शेजारी, कुठल्या पांघरुणात, सकाळी वेणी कोण घालणार. आमच्याकडे वेणी मी घालणार हे ठरल्यावर महिनाभर सराव झाला. वेणी अजून तिरकीच येते.

पहिल्या भेटीला बाळ पाळण्यात ठेवा आणि आईचे हात मोकळे राहू द्या. आमची थोरली आधी आईच्या मांडीवर बसली, मग तिने पाळण्यात डोकावून विचारलं, ‘हा रात्रीपण इथेच राहणार?’

आणि हो, ‘आता तुझे लाड संपले हं’ असं हसत हसत म्हणणारे एक तरी नातेवाईक येतातच. त्यांना दाराशीच थांबवून सांगा. मी एका ज्येष्ठ नातेवाइकांना सांगितलं, त्यांना राग आला, पुढच्या वेळी पेढे घेऊन आल्या आणि काही बोलल्या नाहीत.

३. बाळ आल्यापासून मोठं मूल पुन्हा चड्डीत शू करतं, बाटली मागतं. काय करू?

काही दिवस देऊन टाका. आमचीने बाटली मागितली, आम्ही दिली, तिने दोन घोट घेऊन ‘याला प्लास्टिकचा वास येतो’ म्हणून परत केली. नाही म्हटलं असतं तर महिनाभर पुरलं असतं. चड्डी ओली झाली तर न बोलता बदलायची, पाहुण्यांसमोर तर अवाक्षर काढायचं नाही.

याला अपवाद आहे. शूच्या वेळी दुखतंय, ताप आहे, किंवा मूल अचानक खूप पाणी पितंय आणि वजन उतरतंय, तर ‘बाळाचा मत्सर’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीची तपासणी करून घ्या.

४. दोघांसाठी वेगवेगळा स्वयंपाक करावा लागतो का?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत प्रश्नच नाही, बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतरही वेगळा स्वयंपाक लागत नाही, लागते ती एक वेगळी वाटी. कुकरमध्ये वरण-भात सगळ्यांचा एकच. मीठ पडण्याआधी बाळाचं बाजूला काढायचं, त्यात तूप घालून पळीने मोडायचं. मग उरलेल्या वरणाला फोडणी. भोपळा, गाजर, बटाटा एका डब्यात वाफवून ठेवला की बाळाला तसाच, थोरलीला तूप-जिऱ्यावर परतून आणि आम्हाला तिखट घालून. नाचणीचं सत्त्व एकदा करून ठेवलं की बाळाची खीर आणि थोरलीचं धिरडं दोन्ही होतं.

वर्षाच्या आत मीठ-साखर नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मध तर अजिबात नको, चाटणाच्या बोटावरचा थेंबसुद्धा नको. मधात बोट्युलिझम या आजाराचे जिवाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्याला ते पेलत नाहीत. गायीचं-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच.

दोन मुलांच्या घरातला खरा धोका मात्र वेगळाच आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही. मोठं मूल प्रेमाने भरवतं. थोरलीने सात महिन्यांच्या भावाला फुटाणा दिला होता. त्याने तो माझ्या बोटावर थुंकला म्हणून निभावलं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्या-चॉकलेटं चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनळीत अडकू शकतात. शेंगदाण्याचा कूट चालतो, द्राक्ष उभं चिरून चालतं. थोरलीला ‘देऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘काय देऊ शकतेस’ याची यादी दिली: केळ्याचा तुकडा, मऊ पोळी, तिच्या ताटातला वरण-भात. यादी मिळाल्यापासून ती कडक निरीक्षक झाली आहे, आजीच्या हातातले दाणेसुद्धा तपासते.

हाच नियम तिच्या खेळण्यांना. मणी, लहान चुंबकं आणि विशेषतः दिव्याच्या, आवाजाच्या खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या. तशी बॅटरी मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. अन्ननलिकेत ती काही तासांत जखम करते.

५. सकाळी दोघांचं आवरून, डबे भरून वेळेवर बाहेर कसे पडता?

पडत नाही. आठवड्यातून दोनदा तरी व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवत असतात आणि वर एकच मोजा सापडलेला असतो.

तरीही जे जमलं ते सांगतो. शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, आमच्या शाळेने ते पाळलं आणि आमची सकाळ तासाभराने वाढली. तो तास आम्ही स्वयंपाकाला न देता थोरलीच्या झोपेला दिला. कणीक रात्री भिजवून फ्रीजमध्ये, भाजी रात्री चिरलेली, दोघांचे कपडे खुर्चीवर, दप्तर दाराशी. छोट्या सुट्टीचा डबा कोरडा असतो: लाडू, चुरमुरे, फळाच्या फोडी. मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी किंवा भाजीची पोळी. आठवड्याचा डबा थोरलीच रविवारी ठरवते. सोमवारी तिला तो आवडत नाही हे खरं, पण ठरवला तिनेच असतो.

सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे माणसं वाटून घेणं. सकाळी बायकोकडे एक मूल, माझ्याकडे एक, आणि मधे अदलाबदल नाही. दोघांनी मिळून दोघांचं केलं की दोघांचंही अर्धवट होतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दात दुसऱ्याने घासून घेतले.

‘बायकोला मदत करता का?’ असंही पुष्कळजण विचारतात. माझ्या वाट्याचं मूल माझं असतं, एवढंच म्हणतो.

६. रात्री दोघांना एका वेळी झोपवता येतं का?

धाकटा वर्षाचा होईपर्यंत नाही. त्यानंतर येतं, पण दोघांची गरज वेगळी असते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप लागते आणि त्यात दुपारची धरली आहे. सहाच्या पुढे ९ ते १२ तास, बहुतेक सगळी रात्रीचीच. थोरली दुपारी झोपली की रात्री साडेदहापर्यंत गाणी म्हणते आणि मग धाकटाही उठून बसतो. म्हणून तिची दुपारची झोप बंद, त्याची चालू.

आम्ही हॉलमध्ये गाद्या घालून चौघं ओळीने झोपतो. बाळ वर्षाच्या आतलं असताना मात्र त्याची झोपायची जागा वेगळी ठेवली होती: घट्ट गादी, पाठीवर झोपवायचं, उशी-दुलई-मऊ खेळणी काही नाही. थोरलीने लोळत बाळावर पाय टाकला तर काय, हा प्रश्न आम्हाला आईने विचारला होता, म्हणून पाळणा गादीच्या पलीकडे नेला.

झोपवताना एक माणूस गोष्ट सांगतो, दुसरा स्वयंपाकघर आवरतो. गोष्ट एकच, धाकट्याला कळेल अशी सुरू होते आणि तो झोपला की थोरलीसाठी त्यात राक्षस येतो.

७. ‘ती मोठी आहे ना, तिने समजून घ्यावं’ असं घरातले म्हणतात. बरोबर आहे का?

सहा वर्षांचं मूल मोठं नसतं. धाकट्याशेजारी उभं केल्यामुळे ते मोठं दिसतं, इतकंच. कुठल्याही लग्नात चुलत भावंडांच्या घोळक्यात आमची थोरली सगळ्यांत लहान असते आणि घरी आली की एका तासात ‘ताई’ होते.

आईला हे बोलून पटलं नाही. पटलं ते एका दुपारी. थोरली आणि धाकटा दोघंही रडत होती, तिने सवयीने धाकट्याला उचललं आणि थोरली गुपचूप जाऊन देवघरापाशी बसली. त्या संध्याकाळी आई म्हणाली, ‘अरे, तुझ्या ताईला मी असंच करायचे.’ तेवढंच म्हणाली. आता तिच्या दोन मांड्या आहेत आणि दोन्हींचा वापर होतो.

थोरलीला कामं द्या, ती तिला आवडतात. पण भावाला सांभाळणं हे काम तिचं नाही. स्वयंपाकघरात जाताना मी ‘जरा बघ गं त्याच्याकडे’ म्हणायचो. तो स्टुलावरून पडला तेव्हा ती माझ्याआधी रडायला लागली, कारण तिला वाटलं चूक तिची. तेव्हापासून ते वाक्य बंद केलं.

८. दोघांना सारखं वागवता का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि माझं उत्तर बदलत गेलं आहे. पहिल्या वर्षी मी मोजायचो. शिऱ्याचे चमचे, मोसंबीच्या फोडी, कडेवर घेतल्याच्या फेऱ्या. परिणाम असा झाला की थोरलीही मोजायला शिकली, आणि ती माझ्यापेक्षा चोख मोजते.

एकाला लंगोट बदलायला माणूस लागतो, दुसरीला शाळेत कुणी बोललं ते ऐकायला. यांची वाटणी तागडीत होत नाही. आता ‘त्याला दोन दिले, मला एकच’ असं आलं की मी ‘तुला अजून भूक आहे का?’ विचारतो. असेल तर देतो. नसेल तर ती जाते. दर वेळी जमतं असं नाही, मोसंबीच्या बाबतीत तर अजूनही भांडण होतं.

वेळेच्या बाबतीत एक पक्की सोय केली आहे. रात्री कचऱ्याच्या बादल्या खाली नेताना थोरली माझ्याबरोबर येते. ओला तिच्या हातात, सुका माझ्या. खाली एक चक्कर, वॉचमनकाकांशी दोन शब्द, वीसेक मिनिटं. दिवसभराचं खरं काय ते मला तिथेच कळतं. धाकट्याला तसा वेळ आंघोळीत मिळतो. तिचा वेळ त्याच्या वेळाइतका आहे का, हे मी पाहिलेलं नाही.

९. सारखी भांडतात. मधे पडायचं की नाही?

चावणं, ओरबाडणं, डोक्यात काही मारणं सुरू झालं तर लगेच पडायचं, आधी वेगळं करायचं आणि चौकशी नंतर. बाकी वेळी दाराआडून ऐकायचं. निवाडा करणारा आला की भांडण त्याच्यासाठी सुरू होतं. ‘सुरुवात कुणी केली’ हा प्रश्न मी सोडून दिला आहे, कारण अडीच वर्षांच्या माणसाकडे त्याला उत्तर नसतं आणि सहा वर्षांच्याकडे फार मोठं असतं.

खेळण्यांचा नियम असा: थोरलीच्या खास वस्तूंचा एक खण आहे, कपाटातला सगळ्यांत वरचा. त्यातलं काहीही तिने वाटून घ्यायची गरज नाही. उरलेलं सगळ्यांचं, ज्याच्या हातात त्याचं, त्याने ठेवेपर्यंत. खण मिळाल्यावर ती बाकीचं सहज द्यायला लागली.

सगळ्यांत मोठी लढाई लिफ्टच्या बटणाची होती. ‘आळीपाळीने’ हे धाकट्याला समजत नव्हतं. शेवटी सोय लिफ्टनेच केली. तळमजल्याचं बटण खाली आहे, तिथे त्याचा हात पोचतो. चौथ्याचं वर आहे, तिथे फक्त तिचा. उतरताना तो, चढताना ती. त्याची उंची वाढली की पुन्हा बघू.

१०. थोरलं मूल टीव्ही बघतं तेव्हा धाकट्याचं काय करायचं?

दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणंही जवळपास तेच. आजीशी व्हिडिओ कॉल यात धरत नाहीत. पहिलं मूल असताना हे पाळणं सोपं होतं. दुसऱ्याच्या वेळी थोरलीचं कार्टून लागलं की बाळ रांगत तिथे पोचतं.

आमचा मार्ग: थोरलीचा वेळ धाकट्याच्या दुपारच्या झोपेला बांधला. तो झोपला की तिचे तीस-चाळीस मिनिटं, आवाज कमी. तो लवकर उठला तर बंद. हे तिला अन्यायाचं वाटतं आणि आहेच थोडं. म्हणून ज्या दिवशी असं होतं त्या दिवशी रात्रीच्या गोष्टीत एक राक्षस जास्त. जेवताना मात्र दोघांनाही मोबाइल नाही. हे एकदा सैल सोडलं की परत आवळायला पंधरा दिवस लागतात, गावाहून आल्यावर दर वेळी अनुभवतो.

११. एक आजारी पडलं की दुसरं पडतंच. वेगळं ठेवायचं का?

दोन खोल्यांच्या घरात सर्दी वेगळी ठेवता येत नाही. लक्षणं दिसायच्या आधीच ती वाटून झालेली असते. टॉवेल, पेला, चमचा वेगळा आणि हात धुणं, एवढं करतो. हात-पाय-तोंडाचा आजार पाळणाघरातून आला तेव्हा थोरलीला मामाकडे पाठवलं. तिला तिसऱ्या दिवशी तिथे फोड आले.

औषधात मात्र चूक परवडत नाही. तापाचं पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, वयावर नाही. आणि बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. बाळांच्या थेंबात एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ आणि जास्त ताकदीच्या सिरपमध्ये ५ मिलीत २५०. म्हणजे थेंब साध्या सिरपच्या चौपट तीव्र. थोरलीच्या चमच्याने धाकट्याचे थेंब दिले तर काय होईल हे यावरून कळेल. आम्ही बाटल्यांवर दोघांची नावं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण मार्करने लिहितो, आणि दिल्याची वेळ फ्रीजवरच्या कागदावर, नाहीतर दोघंही पालक देऊन मोकळे होतात. एकाचं उरलेलं अँटिबायोटिक दुसऱ्याला कधीच नाही. खोकल्याचं औषध मनाने तर नाहीच: क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी २०२३ साली बाटलीवर छापायलाच लावलं.

जुलाबात ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच, अंदाजाने पेल्यात नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. फळांच्या चवीचं गोड खोक्यातलं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. सोबत डॉक्टर झिंक देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी झिंक पूर्ण करायचं.

१२. दोघांच्या लसी लक्षात कशा ठेवता?

धाकट्याच्या राहत नाहीत. जन्मानंतर बीसीजी, पोलिओ, कावीळ-बी, मग सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिन्यांना गोवर-रुबेला, प्रत्येक वेळी पुढची तारीख कार्डावर मिळते. राहून जातो तो थोरल्याचा पाच ते सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, कारण आधीच्या लशीनंतर तीनेक वर्षांची सुट्टी पडलेली असते आणि मधे दुसरं मूल झालेलं असतं. धाकट्याचा पहिला डीपीटी बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. साडेतीन-चार वर्षांचं अंतर असेल तर दोघांचं एकाच सुमारास येतं. आम्ही दोघांना एकाच सकाळी नेलं. थोरली आधी टोचून घ्यायला पुढे झाली, न रडता, आणि नंतर रिक्षात रडली.

जीवनसत्त्व अ नऊ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, एकूण नऊ डोस. तेही कार्डावर बघा.

१३. काजळ, धुरी, बाळगुटी यांना घरातल्यांना नाही कसं म्हणायचं?

पहिल्या वेळी चाललं होतं की, हा युक्तिवाद दुसऱ्या वेळी हमखास येतो. काजळात शिसं असू शकतं आणि डोळ्याला संसर्ग होतो, धुरीचा धूर बाळाच्या छातीला त्रास देतो, गुटीत सहा महिन्यांच्या आत मध-पाणी जातं (प्र. ४ पाहा). आम्ही डॉक्टरांना आईसमोर विचारलं. माझं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं. तीट पायाच्या तळव्याला, तेलाचं मालिश राहिलं, दृष्ट काढणं राहिलं, संक्रांतीला बोरनहाणही झालं. फक्त डोक्यावरून बोरं, हरभरे न टाकता चुरमुरे टाकले, आणि खाली पडलेलं धाकट्याच्या आधी मी वेचलं.

१४. थोरलीचे कपडे धाकट्याला चालतात का?

कपडे, पाळणा, पुस्तकं चालतात, फुलाफुलांचे झबलेसुद्धा. बाटल्यांची बुचं आणि एकदा आपटलेलं हेल्मेट चालत नाही. चपला-बूट शक्यतो नवे घ्या, पायाची ठेवण वेगळी असते.

१५. स्कूटरवर दोघांना नेता येतं का?

पुण्यात हा प्रश्न टळत नाही. कायद्याने चालकामागे एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं. चार वर्षांखालच्यासाठी २०२२ साली नियम निघाला, फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला: मूल चालकाला पट्ट्याने बांधलेलं हवं, नऊ महिन्यांवरच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. म्हणजे आई-बाबा आणि मधे सहा वर्षांची मुलगी ही सगळीकडे दिसणारी बैठक नियमात बसत नाही.

पुढे उभं केलेलं मूल ब्रेक लागला की आधी हँडलवर आदळतं. आम्ही एका वेळी एकच मूल नेतो, दोघं असतील तर रिक्षा. महिन्याचा खर्च वाढला, बाहेर जाणं थोडं कमी झालं.

१६. रेल्वे आणि एसटीला कुणाचं तिकीट लागतं?

दोन्हीकडे पाच वर्षांखाली मोफत. पाच ते बारा वर्षांत एसटीला अर्धं तिकीट. रेल्वेच्या आरक्षित डब्यात वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, न घेतल्यास अर्धं. सहा तासांच्या पुढचा प्रवास असेल तर थोरलीचा बर्थ घ्याच, एका बर्थवर एक मोठा आणि दोन लहान म्हणजे कुणीच झोपत नाही. वयाचा पुरावा म्हणून आधारची प्रत जवळ ठेवा.

१७. दुसऱ्या बाळंतपणाला रजा आणि सरकारी मदत मिळते का?

आईला पगारी रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे (२०१७ च्या दुरुस्तीपासून), दोन मुलं असताना तिसऱ्याला १२. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय कंपनीने करायची आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायचं. प्रत्यक्षात विचारून घ्यावं लागतं, लेखी विचारा. खासगी नोकरीतल्या बाबांना कायद्याने काहीच नाही. मी साठवलेली रजा वापरली. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र कुटुंबांना पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी किंवा आशाताईंमार्फत होतो.

१८. धाकटा बोलत नाही. सगळे म्हणतात, ताई त्याच्या वतीने बोलते म्हणून. खरं आहे?

थोडंसं खरं असू शकतं, पण त्यावर विसंबू नका. दोन वर्षं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल (‘पाणी दे’, ‘बाबा ये’), आधी येणारे शब्द गळाले असतील, हाकेला वळत नसेल, तर आधी कानांची तपासणी. वारंवार सर्दीने कानात पाणी राहिलं तरी ऐकू कमी येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लवकर निदान-उपचार केंद्रं आहेत, तिथे हे मोफत होतं. आमच्याकडे ऐकणं नीट निघालं. थोरलीला मात्र सांगावं लागलं की तो बोट दाखवतो तेव्हा पाच आकडे मोजून मग दे. ती आता मोठ्याने मोजते, आणि त्याला ‘पाच’ म्हणता यायला लागलं.

१९. एक मूल दवाखान्यात भरती झालं तर दुसऱ्याचं काय?

धाकटा दीड वर्षाचा असताना जुलाबांनी सुकला आणि दोन रात्री सलाइनवर होता. बायको त्याच्यापाशी, मी थोरलीपाशी, आई साताऱ्याहून यायला सहा तास. त्या सहा तासांनी शिकवलं ते असं.

शेजारच्या एका घरी आपली किल्ली आणि शाळेच्या व्हॅनचा नंबर आधीच देऊन ठेवा. शाळेत ‘कोण न्यायला येऊ शकतं’ या यादीत तिसरं नाव घाला, नाहीतर शेजाऱ्याच्या ताब्यात मूल देत नाहीत आणि ते योग्यच आहे. एका पिशवीत दोघांची लसीकरणाची कार्डं, विम्याची प्रत, चार्जर आणि आईचा एक जोड कपडे.

थोरलीला खरं सांगा, तिच्या मापात: पोटातलं पाणी कमी झालंय, नळीने भरतायत, दोन रात्री. आम्ही ‘मामाकडे गेलाय’ म्हणालो होतो. तिने फोनवर मागे मशीनचा आवाज ऐकला आणि त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिने वरच्या खणातला लाकडी हत्ती काढून दवाखान्यात पाठवला, आणि घरी आल्यावर तो धुऊन परत खणात ठेवला.